मोंढ्यातल्या पट्टीचं सॉफ्टवेअर: स्वतःची एक्सेप्शन्स लिहितानाच्या नोंदी

९ सप्टेंबर २०२४

लातूरच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका आडत दुकानाचं पट्टीचं सॉफ्टवेअर दुरुस्तीला घेतलं. पट्टी म्हणजे शेतकऱ्याला मिळणारी मालाच्या हिशोबाची पावती. भाषा सी शार्प, खिडक्या विनफॉर्म्सच्या, डेटा एसक्यूलाइटच्या फाइलमध्ये. इलेक्ट्रॉनिक काट्यावरचं वजन सिरीयल पोर्टमधून थेट स्क्रीनवर येतं, मुनीम भाव टाकतात, हमाली-तोलाई वजा होते आणि शेतकऱ्याची पट्टी छापून निघते. ज्याने हे लिहिलं तो आता हे काम करत नाही, पण सोर्स कोड शेठकडे पेनड्राइव्हवर होता. दुकानातला पीसी विंडोज ७ चा आहे आणि या हंगामात तो बदलणार नाही. डॉटनेट ८ विंडोज ७ वर अधिकृतपणे चालत नाही, म्हणून डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ वरच राहायचं ठरलं.

तक्रार गंभीर आहे. मागच्या हंगामात लागोपाठच्या दोन कट्ट्यांना (पोत्यांना) एकच वजन लागल्याचं आढळलं. एका शेतकऱ्याने घरून वजन करून चिठ्ठी आणली होती म्हणून ते उघडकीला आलं. फरक २ किलो ४५० ग्रॅमचा. सोयाबीनला क्विंटलमागे ४,३०० रुपये धरले तर एका कट्ट्यामागे १०५ रुपये. शेठने ते जागेवर भरून दिले, पण ज्यांच्याकडे चिठ्ठी नव्हती त्यांचं काय झालं असेल हे कोणालाच सांगता येत नाही.

कारण संध्याकाळपर्यंत सापडलं. एक्सेप्शन म्हणजे चालताना काही बिघडलं की कोड फेकतो ती सूचना; ‘ट्राय’मध्ये ती फेकली गेली की ‘कॅच’ पकडतो. वजन वाचणाऱ्या फंक्शनमध्ये ट्राय आहे आणि त्याखालच्या कॅचचा कंस रिकामा. वाचताना काही बिघडलं की एक्सेप्शन तिथेच गिळलं जातं आणि व्हेरिएबलमध्ये आधीच्या कट्ट्याचं वजन तसंच राहतं. पुढचा कोड तेच उचलून पट्टीत ओळ टाकतो. स्क्रीनवर काहीच दिसत नाही. असे रिकामे कॅच कोडमध्ये जागोजागी आहेत.

या कामात बंद पडणारं सॉफ्टवेअर एक वेळ चालेल. खोटं वजन दाखवणारं चालणार नाही. पुढचे सगळे निर्णय यावरून घ्यायचे.

११ सप्टेंबर

रिकामे कॅच सरळ काढून टाकले तर मुनीमजींना दिवसभर डॉटनेटची ती इंग्रजी खिडकी दिसेल, ज्यात ‘कंटिन्यू’ आणि ‘क्विट’ अशी बटणं असतात. माणूस सवयीने ‘कंटिन्यू’ दाबतो. आणि ‘कंटिन्यू’ म्हणजे पुन्हा अर्धवट माहितीवर पुढे जाणं. म्हणून आधी शेवटची जाळी बांधली, कॅच नंतर काढले.

प्रोग्रामच्या मेनमध्ये, पहिला फॉर्म तयार होण्याआधी, ‘सेट अनहँडल्ड एक्सेप्शन मोड’ला ‘कॅच एक्सेप्शन’ दिलं. हे आधीच करावं लागतं. त्या थ्रेडवर (प्रोग्रामच्या कामाच्या त्या धाग्यावर) एखादा कंट्रोल (बटण, चौकट) तयार झाल्यावर ही ओळ चालवली तर तीच एक्सेप्शन देते. मग अ‍ॅप्लिकेशनच्या ‘थ्रेड एक्सेप्शन’ला एक हँडलर आणि अ‍ॅपडोमेनच्या ‘अनहँडल्ड एक्सेप्शन’ला दुसरा. दोन्ही मजकुराच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, मेसेज आणि पूर्ण स्टॅक ट्रेस (चूक कोडच्या कुठल्या ओळींतून आली त्याची यादी) लिहितात. फाइल सी ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवू नका, साध्या यूजरला तिथे लिहायची परवानगी नसते. ‘प्रोग्रामडेटा’मध्ये स्वतःचं फोल्डर करा आणि सेटअपमधूनच त्याला लिहायची परवानगी द्या.

बटणावरून मुद्दाम एक्सेप्शन फेकून पाहिलं, पकडलं गेलं. काट्याच्या ‘डेटा रिसीव्ह्ड’मधून फेकलं तर लॉगमध्ये ओळ आली आणि प्रोग्राम तिथेच संपला. हा इव्हेंट यूआय थ्रेडवर, म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्या थ्रेडवर, येत नाही, थ्रेडपूलच्या थ्रेडवर येतो. ‘थ्रेड एक्सेप्शन’ फक्त यूआय थ्रेडची काळजी घेतं. अ‍ॅपडोमेनचा हँडलर लिहून ठेवण्यापुरता आहे, तो प्रोग्रामला वाचवत नाही. यात माझी अख्खी दुपार गेली. तुमच्या अ‍ॅपला काटा, बारकोड स्कॅनर किंवा दुसरं काही सिरीयलवर जोडलेलं असेल तर ही चाचणी पहिल्याच दिवशी करून घ्या. त्या इव्हेंटच्या आत स्वतःचा ट्राय-कॅच लागतोच.

१४ सप्टेंबर

स्वतःच्या एक्सेप्शन क्लासेसची पहिली मांडणी मोडली. ती कोडच्या भागांप्रमाणे होती: डेटाबेसएक्सेप्शन, प्रिंटरएक्सेप्शन, सिरीयलपोर्टएक्सेप्शन, सेटिंगएक्सेप्शन, रिपोर्टएक्सेप्शन. दिसायला नीटनेटकी, पण कॅच लिहायला बसलो तर पाचही ठिकाणी तेच करायचं: मेसेज दाखवा, लॉग लिहा. मग वेगळे क्लास कशासाठी?

दुपारी गल्ल्याजवळ बसून मुनीमजींना विचारलं, “काका, स्क्रीनवर लाल फुली आली की तुम्ही काय करता?” ते म्हणाले, “काय करायचं दादा, आकडा चुकला असंल तर परत टाकतो. वायर निघाली असंल तर हमालाला सांगतो बघायला. त्यानं बी नाही झालं तर शेठला हाक मारतो.”

मांडणी त्यांच्या या उत्तरातून मिळाली. एक मूळ क्लास, पट्टीएक्सेप्शन, ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे तो स्वतः थेट फेकायचा नाही. त्याच्याखाली तीनच:

भरणाएक्सेप्शन: टाकलेली माहिती चुकली आहे, मुनीम खुर्चीत बसूनच दुरुस्त करू शकतात. फॉर्म उघडा राहतो, कर्सर चुकलेल्या चौकटीत जातो.

जोडणीएक्सेप्शन: काटा, प्रिंटर, वायर, वीज. कोणीतरी उठून बघायला हवं. पट्टी थांबते, पण भरलेल्या ओळी स्क्रीनवर राहतात आणि ‘पुन्हा प्रयत्न’चं बटण येतं.

नोंदएक्सेप्शन: डेटा लिहिला गेला नाही किंवा वाचता येत नाही. काम थांबवा, शेठला सांगा, मला फोन करा. ‘पुढे चला’ असं बटणच नाही.

नवीन क्लास करावा की नाही याची माझी कसोटी आता एवढीच: तो पकडणारा कॅच काही वेगळं करणार आहे का? नसेल तर क्लास नको, मेसेज बदला.

जुन्या कोडमध्ये ‘अ‍ॅप्लिकेशन एक्सेप्शन’पासून क्लास काढले होते. मायक्रोसॉफ्टने आधी तसंच सुचवलं होतं, नंतर त्यातून काही साधत नाही म्हणून सल्ला बदलला. सरळ ‘एक्सेप्शन’पासूनच काढा. प्रत्येक क्लासला तीन कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार करायच्या पद्धती) द्या: रिकामा, मेसेजचा, आणि मेसेजसोबत इनर एक्सेप्शनचा, म्हणजे ज्या मूळ एक्सेप्शनमुळे हे आलं त्याचा. तिसरा आळसाने सोडला जातो आणि खरा उपयोग त्याचाच होतो.

१७ सप्टेंबर

आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि अनंत चतुर्दशीही. मोंढा बंद, काटा मोकळा. शेठने किल्ली दिली. एका हमाल मामांना हजेरी देऊन बोलावलं, कट्टे चढवायला-उतरवायला.

काटा ९६०० बॉडवर सतत ओळी पाठवतो. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ‘एसटी’ किंवा ‘यूएस’, म्हणजे वजन स्थिर की हलतंय, मग अधिक-उण्याचं चिन्ह, आकडे, शेवटी ‘केजी’ आणि ओळ संपल्याची खूण. जुना कोड इव्हेंट आला की जेवढं आलं तेवढं वाचायचा आणि ठरावीक जागेवरून आकडे कापायचा. पण इव्हेंट पूर्ण ओळीसाठी थांबत नाही. कधी अर्धी ओळ हातात येते. ती फारच तोकडी असेल तर कापताना एक्सेप्शन, आणि ते रिकाम्या कॅचमध्ये गडप. जुळं वजन इथून यायचं.

त्याहून वाईट प्रकार आज डोळ्यांनी पाहिला. काट्याच्या डब्यावर ६१.३५ आणि स्क्रीनवर ६१. ओळ दशांशचिन्हापाशीच तुटली होती, आणि ६१ हा चांगला वैध आकडा आहे, त्यामुळे एक्सेप्शन आलंच नाही. कितीही चांगली एक्सेप्शन्स लिहिली तरी हे त्यात सापडणार नाही. आता येणारं सगळं एका बफरमध्ये जमा करतो, ओळ संपल्याची खूण आल्यावरच ती ओळ उचलतो, सुरुवात आणि शेवटचं ‘केजी’ दोन्ही तपासतो. अर्धी ओळ ही चूक नाही, तिथे एक्सेप्शन फेकत नाही, पुढच्या तुकड्याची वाट पाहतो. वजन हलत असेल तर तेही एक्सेप्शन नाही; आकडा पिवळा दिसतो आणि ‘घ्या’चं बटण बंद राहतं. तीन सेकंद एकही पूर्ण ओळ आली नाही तरच जोडणीएक्सेप्शन. आणि सगळ्यात महत्त्वाचं: वाचायला सुरुवात करतानाच वजनाचं व्हेरिएबल रिकामं करतो. ते नलेबल डेसिमल केलं आहे, म्हणजे त्यात ‘काहीच नाही’ हेही ठेवता येतं. शून्यही ठेवत नाही, कारण शून्य हासुद्धा एक आकडाच आहे.

मग वायर उपटायची चाचणी. पोर्ट दुसऱ्या प्रोग्रामने धरून ठेवला असेल तर उघडताना ‘अनऑथराइज्ड अ‍ॅक्सेस एक्सेप्शन’ येतं. पोर्टच अस्तित्वात नसेल तर ‘आयओ एक्सेप्शन’. चालू असताना यूएसबी कन्व्हर्टर उपटला तर पुन्हा ‘अनऑथराइज्ड’ आलं, पण आमच्या कुठल्याच ट्रायमध्ये नाही. लॉगमध्ये स्टॅक ट्रेसच्या तळाशी फायनलायझर (वापरून झालेली ऑब्जेक्ट्स आवरणारा कोड) होता. म्हणजे गार्बेज कलेक्टर पोर्टचा आतला स्ट्रीम आवरायला गेला, खाली पोर्टच नाही, आणि प्रोग्राम कोसळला. उपाय असा: पोर्ट उघडल्यावर त्याच्या ‘बेस स्ट्रीम’चं फायनलायझेशन दाबून ठेवायचं आणि बंद करण्याआधी पुन्हा नोंदवायचं, तेही ट्रायमध्ये. हे केल्यावर वायर हवी तशी उपटली, प्रोग्राम उभा राहिला.

फॉर्म बंद करताना अ‍ॅप गोठायचं तेही सुटलं. इव्हेंटमधून स्क्रीनवर लिहायला ‘इन्व्होक’ वापरलं होतं. यूआय थ्रेड पोर्ट बंद व्हायची वाट बघतो आणि पोर्टचा थ्रेड यूआयची. ‘बिगिन इन्व्होक’ केलं, ते वाट बघत नाही.

खर्च: आधीचा स्वस्तातला कन्व्हर्टर जरा धक्का लागला की सुटत होता. एफटीडीआय चिपचा घेतला, १,१५० रुपये. हमाल मामांची हजेरी ६०० रुपये.

२० सप्टेंबर

लॉगमध्ये काट्याच्या सगळ्या चुका एकाच ओळीवर दिसत होत्या, ती ओळ म्हणजे माझा स्वतःचा कॅच. तिथे ‘थ्रो’च्या पुढे व्हेरिएबलचं नाव होतं. असं लिहिलं की स्टॅक ट्रेस त्या ओळीपासून नव्याने सुरू होतो आणि मूळ ठिकाण पुसलं जातं. नुसतं ‘थ्रो’ लिहिलं की ते टिकतं. आपल्या एक्सेप्शनमध्ये गुंडाळायचं असेल तर मूळ एक्सेप्शन इनर म्हणून द्या आणि लॉग लिहिताना ‘टू स्ट्रिंग’ वापरा, त्यात आतली सगळी साखळी येते. जुना लॉग फक्त मेसेज लिहायचा, त्यावरून काहीच कळत नव्हतं.

एक नियम ठरवला. गुंडाळणं फक्त सीमेवर: काटा वाचणारा क्लास, डेटाबेसचा क्लास, छपाईचा क्लास. मधल्या कोडमध्ये ट्राय-कॅच नाहीच. फॉर्मवर पट्टीएक्सेप्शनचे तीन प्रकार पकडले जातात. ‘नल रेफरन्स’सारखं काही आलं तर ते फॉर्म पकडत नाही, थेट शेवटच्या जाळीत जातं आणि अ‍ॅप लॉग लिहून बंद होतं. तो माझ्या कोडमधला बग असतो आणि मुनीमजींनी त्यावरून पुढे काम करणं धोक्याचं.

२६ सप्टेंबर

आवक सुरू झाली आहे, नवं व्हर्जन गल्ल्यावर बसलं. पहिल्याच दिवशी भाव टाकताना ‘फॉरमॅट एक्सेप्शन’. लॉगमध्ये ओळ बघितली: भावाच्या चौकटीत मराठी आकडे, ४२५०.

शेतकऱ्याचं आणि गावाचं नाव मराठीत टाकतात, कीबोर्ड मराठीवरच राहिला आणि भावही तसाच पडला. चौकटीवर फक्त अंक घ्यायची तपासणी होती, ती ‘कॅरेक्टर इज डिजिट’ने केलेली. त्या फंक्शनच्या हिशोबाने देवनागरी ४ हा अंकच आहे, ते ‘हो’ म्हणतं. ‘डेसिमल पार्स’ मात्र फक्त इंग्रजी शून्य ते नऊ ओळखतं. तपासणी पास आणि रूपांतर नापास.

इथे भरणाएक्सेप्शन फेकून ‘आकडे इंग्रजीत टाका’ असं सांगता आलं असतं. तसं केलं नाही. मुनीमजींचा आकडा बरोबर होता. चौकट सोडताना देवनागरी अंक इंग्रजीत बदलून घेतो, ‘गेट डेसिमल डिजिट व्हॅल्यू’ने एकेक अक्षर, आणि मग ‘ट्राय पार्स’. ते एक्सेप्शन फेकत नाही, जमलं की नाही एवढंच सांगतं. माणूस हाताने टाकतो त्या ठिकाणी चूक होणं रोजचं आहे. तिथे आधी तपासा, एक्सेप्शन शेवटी. भरणाएक्सेप्शन आता अशा गोष्टींपुरतं उरलं आहे ज्या एका चौकटीत कळत नाहीत, उदाहरणार्थ पट्टीतल्या कट्ट्यांची संख्या आणि आवक पावतीवरची संख्या न जुळणं.

मराठवाड्यात, विदर्भात कुठेही दुकानासाठी लिहीत असाल तर आकड्याच्या प्रत्येक चौकटीत मराठी आकडे टाकून बघाच.

५ ऑक्टोबर

‘डेटाबेस इज लॉक्ड’. शेठच्या केबिनमध्ये दुसरा पीसी आहे आणि तो शेअर्ड फोल्डरवरून तीच एसक्यूलाइट फाइल उघडतो. एसक्यूलाइटचं लॉकिंग नेटवर्कवरच्या फाइलवर भरवशाचं नसतं, आणि वॉल मोड (बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहायची पद्धत) तर नेटवर्क फाइलसिस्टिमवर चालतच नाही. कोड ५ म्हणजे बिझी. तिथे थोडं थांबून पुन्हा प्रयत्न ठीक आहे. कोड ११ म्हणजे फाइल खराब, कोड १३ म्हणजे डिस्क भरली. तिथे पुन्हा प्रयत्न करून उपयोग नाही. म्हणून डेटाबेसच्या क्लासमध्ये कॅचला ‘व्हेन’ लावून कोड बघतो. बिझी असेल तर मोजके प्रयत्न, तेही संपले किंवा दुसरं काही असेल तर नोंदएक्सेप्शन. मूळ कोड इनरमध्ये जातोच.

पण खरा दोष रचनेत होता. शेठच्या पीसीचं थेट उघडणं बंद केलं. आता गल्ल्यावरचं अ‍ॅप दर तासाला एसक्यूलाइटच्या बॅकअप सुविधेने प्रत काढून शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवतं आणि शेठ ती आपल्या पीसीवर उतरवून बघतात. शेठना ‘आत्ताचा आकडा’ हवा होता. तासाभराच्या प्रतीवर राजी करायला वेळ लागला.

याच निमित्ताने अर्धवट पट्ट्या सापडल्या: वर पट्टीची नोंद आहे, खाली कट्ट्यांच्या ओळी नाहीत. आता दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं लिहिलं जातं नाहीतर काहीच नाही), ‘यूझिंग’च्या आत. कमिटपर्यंत पोचलं नाही तर आपोआप रोलबॅक होतं, त्यासाठी कॅच लिहावा लागत नाही.

१० ऑक्टोबर

दसरा तोंडावर, मोंढ्यात पाय ठेवायला जागा नाही. दुपारी लाइट गेली. पीसी इन्व्हर्टरवर आहे, प्रिंटर नाही. एकाच शेतकऱ्याच्या दोन पट्ट्या नोंदल्या गेल्या.

झालं असं: ‘सेव्ह आणि छापा’ एकच बटण. पट्टी सेव्ह झाली, छपाई अडली, स्क्रीनवर ‘काम पूर्ण झाले नाही’. मुनीमजींनी साहजिकच पुन्हा दाबलं. मेसेज खोटा नव्हता, पण त्यातून महत्त्वाची गोष्टच कळत नव्हती: पट्टी नोंदली गेली की नाही?

जोडणीएक्सेप्शनला एक प्रॉपर्टी जोडली, पट्टी क्रमांक. छपाईच्या पायरीला अडचण आली तर एक्सेप्शन तो नंबर घेऊनच वर येतं, आणि खिडकीत ‘पुन्हा सेव्ह’ऐवजी ‘पट्टी क्रमांक १४१७ पुन्हा छापा’ असं बटण येतं. स्वतःचं एक्सेप्शन लिहिण्याचं खरं कारण मला इथे पटलं. नाव वेगळं असणं ठीकच, पण पुढचं पाऊल उचलायला लागणारी माहिती त्यासोबत येते, मेसेजच्या वाक्यातून नंबर शोधत बसावं लागत नाही.

अजून एक: विंडोजमध्ये प्रिंटर बंद असला किंवा कागद संपला तरी ‘प्रिंट डॉक्युमेंट’ बहुतेक वेळा तक्रार करत नाही. काम स्पूलरच्या रांगेत जाऊन पडतं आणि लाइट आली की एकदम बाहेर येतं. प्रिंटर विंडोजमध्ये बसवलेलाच नसेल तर ‘इनव्हॅलिड प्रिंटर एक्सेप्शन’ येतं, कागद संपला म्हणून नाही. आमच्याकडे आलेलं एक्सेप्शन जुन्या कोडमधल्या प्रिंटरच्या स्थितीच्या तपासणीतून फेकलेलं होतं. तेव्हा ‘छापलं’ हे सॉफ्टवेअरने ठरवायचं नाही. छपाईनंतर ‘पट्टी हातात आली का?’ असा प्रश्न ठेवला, हो म्हटल्यावरच खूण होते. मुनीमजींना एक जास्तीचं बटण दाबावं लागतं आणि त्यांची त्याबद्दल कुरकुर आहे. ते बटण राहणार.

१५ ऑक्टोबर

आज फक्त मेसेज लिहिले. कोडपेक्षा याला जास्त वेळ लागला. प्रत्येक मेसेजमध्ये तीन गोष्टी, याच क्रमाने: पट्टीचं काय झालं, बिघाड कुठे आहे, आता काय करायचं. आधी होतं ‘सिरीयल पोर्ट त्रुटी. कृपया प्रशासकाशी संपर्क साधा.’ दुकानात प्रशासक कोण? आता आहे: ‘पट्टी अजून नोंदलेली नाही, भरलेल्या ओळी तशाच आहेत. काट्याकडून वजन येत नाही. काट्याच्या मागची वायर घट्ट बसवा आणि पुन्हा प्रयत्न दाबा.’

हा मेसेज मुनीमजींकडून मोठ्याने वाचून घेतला. ‘घट्ट बसवा’च्या जागी त्यांनी ‘काढून परत लावा’ सुचवलं, कारण वायर बघायला हमाल जातो आणि ‘घट्ट बसवा’ म्हटलं की तो नुसती दाबून येतो. बदललं.

इंग्रजी मजकूर, स्टॅक ट्रेस यातलं काहीही खिडकीत नाही. खाली लहान अक्षरात लॉगचा क्रमांक आहे, फोनवर तेवढाच सांगायचा.

२८ ऑक्टोबर

दिवाळीआधीची गर्दी सरली. लॉग घरी आणून चाळला. जोडणीएक्सेप्शन सगळ्यात जास्त, जवळपास सगळी काट्याच्या वायरची, आणि एकातही चुकीचं वजन पट्टीत शिरलेलं नाही. प्रत्येक नोंदीसमोरची पट्टी उघडून तपासली. नोंदएक्सेप्शन ५ ऑक्टोबरच्या बदलानंतर आलेलं नाही. भरणाएक्सेप्शन बहुतेक कट्ट्यांच्या संख्येची, आणि त्यातल्या काहींमध्ये आवक पावतीच चुकलेली निघाली.

अजून बाकी: काटा जास्त भाराला आकड्यांऐवजी ‘ओएल’ पाठवतो. सध्या ती ओळ आकडा नाही म्हणून सोडून दिली जाते आणि तीन सेकंदांनी ‘वायर काढून परत लावा’ असा मेसेज येतो, जो चुकीचा आहे. ‘ओएल’ वेगळं ओळखून ‘कट्टा उतरवा’ असं सांगायला हवं. वेगळा क्लास लागणार नाही, जोडणीएक्सेप्शनच, मेसेज वेगळा. पाडव्यानंतर मोंढा उघडला की हमाल मामांना घेऊन काट्यावर दोन कट्टे एकदम चढवून बघणार.